मुहूर्ताचे दिवस आणि मुहूर्तानंतरचे दिवस

घर आणि व्यवसाय : वाचकांचे प्रश्न

लग्नसमारंभांची छायाचित्रे काढण्याचे काम मी १९९० ते २०२१ अशी ३१ वर्षे केले. त्यांपैकी पहिली १४ वर्षे रोलवर गेली आणि पुढची डिजिटल कॅमेऱ्यावर. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे राज्यात लग्नासाठी २५ माणसे आणि २ तास एवढीच मुभा होती. त्या दिवसांत काढलेले एक लग्न माझे शेवटचे ठरले, आणि दुपारच्या जेवणाला मी घरी पोहोचलो असे इतक्या वर्षांत बहुधा ते एकच लग्न असेल. मागच्या अंकात फिरतीच्या नोकऱ्यांविषयी लिहिल्यानंतर माझ्या जुन्या व्यवसायातील वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी गेली ११ वर्षे बारामती परिसरात लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ करतो. पत्नी प्राथमिक शिक्षिका आहे आणि मुलगी दुसरीत आहे. शाळेची उन्हाळी सुट्टी आणि माझा हंगाम एकाच वेळी येतो, त्यामुळे त्या दोघी माहेरी जातात आणि मी मंगल कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहतो. मुलीचा वाढदिवस मे महिन्यात असतो. यंदा नवी दिनदर्शिका घरात आली, तेव्हा तिने सर्वांत आधी विवाहमुहूर्तांचे पान काढून आपल्या वाढदिवसाला मुहूर्त आहे का, ते पाहिले. मागच्या वर्षी मी २२ लग्ने केली. कामे कमी केली तर हप्ते कसे फेडायचे, आणि कमी केली नाहीत तर घरी कधी राहायचे?

उत्तर : तुम्ही पत्रात लग्नांची संख्या दिली आहे, परंतु प्रत्येक लग्नानंतर संगणकासमोर किती दिवस बसता, ते लिहिलेले नाही. खरा हिशेब तेथे आहे. हळदीचा एक आणि लग्नाचा एक असे दोन दिवस धरले, तर २२ लग्नांचे ४४ दिवस होतात. प्रवास आणि तयारी यांचे आणखी २० दिवस धरले, तरी वर्षाचे ३०० दिवस उरतात. चौसष्ट दिवस बाहेर राहिल्याने कोणाचे घर दुरावत नाही. मालमोटार चालवणारे आणि सैन्यात असलेले लोक याहून कितीतरी अधिक काळ घराबाहेर असतात. मग उरलेले ३०० दिवस गेले कुठे? एका लग्नाचे ४००० फोटो आपण घरी आणतो. त्यांतून निवड करण्यात अर्धा दिवस जातो, रंग आणि प्रकाश सुधारण्यात दोन दिवस, अल्बमच्या मांडणीत दोन, व्हिडिओच्या संकलनात चार, आणि यजमानांच्या ‘एवढा एकच फोटो बदला’ या निरोपांमध्ये सुटासुटा मिळून आणखी अर्धा. हे नऊ दिवस झाले. त्यांना २२ ने गुणले, की १९८ दिवस होतात. मुहूर्ताचा दिवस गुरुजी ठरवतात आणि कार्यालय कधी मिळते त्यावर तो पक्का होतो. त्यात आपले काही चालत नाही. हे १९८ दिवस मात्र पूर्णपणे आपल्या हातातले असतात, आणि नेमके तेच आपण सर्वांत बेपर्वाईने खर्च करतो, कारण त्या दिवसांत आपण ‘घरीच’ असतो. घरात असून दाराला कडी लावून बसलेला माणूस हा बाहेरगावी गेलेल्या माणसापेक्षा मुलांना अधिक खुपतो, असे माझ्या पत्नीने मला एकदा फार स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

मी हे उशिरा शिकलो. माझ्या मुलाची मुंज आठव्या वर्षी करायची ठरली होती. मुंजीचे मुहूर्त बहुतेक लग्नाच्याच महिन्यांत येतात, त्यामुळे गुरुजी जी तारीख काढत, त्या तारखेचा विसार मी आधीच कोणाकडून तरी घेतलेला असे. तीन वेळा मुहूर्त बदलून अखेर मुंज दहाव्या वर्षी झाली. त्या दोन वर्षांत मी वैशाखातली सर्व कामे घेतली, याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण घर त्यावरच चालत होते. वाईट याचे वाटते, की त्यांच्या मधल्या पावसाळ्यात, एकही मुहूर्त नसताना, मी रोज रात्री दोनपर्यंत अल्बमच करत बसलो होतो.

आता उपायाकडे वळतो. पहिला उपाय कॅमेऱ्याच्या बटणावरच आहे. रोलच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो असत आणि एका लग्नाला मी १० ते १२ रोल वापरत असे, म्हणजे सुमारे ४०० फोटो. प्रत्येक फोटोला रोलची, धुलाईची आणि छपाईची किंमत असल्यामुळे बोट विचार करूनच दाबले जाई. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी पाच-सहा फोटो मीही घेत असे. पण पंगतीत बसलेल्या एकाच आजोबांचे वीस फोटो घेण्याची हिंमत कोणी करत नसे. आजही अल्बममध्ये दीडशे-दोनशे फोटोच बसतात. उरलेले ३८०० फोटो पाहणे, गाळणे आणि साठवणे हे सगळे तुमच्या मुलीच्या वेळातून होते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो, ३० एमबीची धरली, तर एका लग्नाचे १२० जीबी होतात, आणि दोन प्रती ठेवल्या तर त्याच्या दुप्पट. हंगामात ठरवून ४००० चे १८०० करून पाहा. यजमानांच्या ते लक्षातही येणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे अल्बमची मांडणी आणि व्हिडिओचे संकलन बाहेर देणे. शीटमागे किंवा व्हिडिओमागे दर घेऊन हे काम करणारे कुशल लोक आता लहान शहरांतही आहेत. आपल्यासारखी नजर दुसऱ्याला येत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतः दहा वर्षे घेत होतो. पहिल्या तीन लग्नांचे काम तुमच्या मनासारखे होणार नाही. चौथ्यापासून ते बरे होऊ लागेल, मात्र त्यासाठी तुमच्या आवडीचे दोन जुने अल्बम नमुना म्हणून समोरच्याला द्यावे लागतील. फोटोंची निवड आणि अखेरची नजर एवढे स्वतःकडे ठेवा. यात पैसे जातात हे खरे आहे, पण नऊ दिवसांचे तीन दिवस होतात, आणि सहा दिवसांची मजुरी तुम्ही आतापर्यंत कोणाकडूनही वसूल करत नव्हता.

तिसरी गोष्ट कागदावर आणावी लागेल. विसार घेतानाच लेखी ठरवा, की अल्बमसाठी फोटो निवडून देण्यास ४५ दिवस मिळतील, त्यानंतर आमची निवड अंतिम राहील, बदल दोनदाच होतील, आणि उरलेली रक्कम छपाईपूर्वी द्यावी लागेल. लग्नानंतर नवरा-नवरी संसारात गुंततात, निवड आठ महिने रेंगाळते, आणि मग पहिल्या मंगळागौरीच्या आधी अचानक ‘अल्बम उद्याच हवा’ असा फोन येतो. आपली बहुतेक जागरणे अशा फोनमुळे होतात. लग्नानंतर दोन दिवसांत रील देण्याचे कबूल करणे हीसुद्धा हौस आहे. ते कबूल करायचे असेल, तर त्याचे वेगळे पैसे घ्या. कार्डांवरील फोटो उतरवून घेणे मात्र त्याच रात्री झाले पाहिजे, पण ते सुरू करून झोपता येते, त्याच्यासमोर राखणीला बसण्याची गरज नसते.

यंदाच्या उन्हाळ्याविषयी वेगळे लिहितो, कारण असा योग वारंवार येत नाही. या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, ज्येष्ठ महिना अधिक आला आहे. १७ मे ते १५ जून हे दिवस अधिक मासाचे असल्यामुळे पंचांगात त्या काळात विवाहमुहूर्त नाहीत, आणि तुमच्या पत्नीची व मुलीची सुट्टी नेमकी तेव्हाच आहे. व्यवसायातील अनेक मित्र या महिन्याला शिव्या देत आहेत. २०२४ च्या मे महिन्यातही गुरू आणि शुक्र दोन्ही अस्तंगत असल्याने मुहूर्त नव्हते आणि तेव्हाही हीच ओरड होती. कार्यालयवाले काढीव, म्हणजे पंचांगात नसताना अडचणीपुरत्या काढलेल्या, मुहूर्तावर काही लग्ने धरतील आणि तुम्हाला विचारणाही होईल. यंदा ती नाकारा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासरी मान असतो, अनारशांचे वाण मिळते. अकरा वर्षांत तुम्ही उन्हाळ्यात सासुरवाडीला किती वेळा गेलात, ते आठवून पाहा. वाढदिवस मात्र १७ तारखेच्या आधी येत असेल, तर त्या तारखेबद्दल मुलीशी आताच बोला. नाही म्हणायचे असेल तरी आताच म्हणा. आदल्या रात्री सांगू नका.

हप्त्यांसाठी एक जुनी सवय सुचवतो. हंगामाची सगळी मिळकत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि दरमहा त्यातून ठरावीक रक्कम पगारासारखी घरी आणायची. मे महिन्यात पैसा दिसतो म्हणून नवा कॅमेरा घेतला जातो आणि श्रावणात शाळेच्या फीसाठी आणखी कामे शोधावी लागतात, हे चक्र त्याने थांबते. ड्रोन भाड्याने मिळतो. कॅमेरा कोणत्या वर्षीचा आहे, हे एकतीस वर्षांत मला एकाही वधूपित्याने विचारले नाही.

प्रश्न : माझे पती नाशिकमध्ये समारंभांचे छायाचित्रण करतात. नात्यात कुठेही लग्न निघाले, की ‘घरचाच फोटोग्राफर आहे’ असे म्हणून सगळे त्यांना गृहीत धरतात. पैसे मिळत नाहीत, ते माझ्याबरोबर एकदाही मांडवात बसत नाहीत, आणि कोणत्याही अल्बममध्ये ते दिसत नाहीत. येत्या जूनच्या अखेरीस माझ्या धाकट्या भावाचे लग्न आहे आणि बाबांनी आत्ताच ‘जावईबापू आहेतच’ असे जाहीर केले आहे. घरीसुद्धा मुलाच्या वाढदिवसाला हे त्याचा सुरी धरलेला हात हवेत थांबवून ‘इकडे बघ, हनुवटी खाली घे’ असे सांगत राहतात. यावर काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या भावाच्या लग्नात तुम्ही करवली असणार. मंगलाष्टके चालू असताना तुम्ही हातात दिवा घेऊन नवरदेवाच्या मागे उभ्या राहाल आणि तुमचे पती समोरून तुमचा फोटो घेतील. तो चांगलाही येईल, पण त्या दिवसाची त्यांची आठवण म्हणजे लेन्समधून दिसलेली तुमची आठवण असेल. जावयाला मान द्यायचा आणि त्याच दिवशी त्याला दहा तास उपाशी उभे ठेवायचे, या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत. तुमच्या वडिलांचा हेतू वाईट नाही. परक्यापेक्षा आपला माणूस मनापासून काम करील, एवढाच त्यांचा विचार असतो. म्हणून हे त्यांना तुम्ही सांगावे. जावयाने सांगितले तर त्यात पैशाचा वास येतो, लेकीने सांगितले तर येत नाही.

सांगताना नुसते नकारावर थांबू नका. तुमच्या पतींनी आपल्या ओळखीतला, आपल्याइतकाच चांगला काम करणारा माणूस त्या लग्नासाठी ठरवावा आणि त्याचे मानधन हा तुम्हा दोघांचा भावाला आहेर समजावा. एवढा खर्च जड वाटत असेल, तर शेतकरी जशी सावड करतात तशी करावी : आज त्याने तुमच्या घरचे कार्य करावे, उद्या त्याच्या बहिणीच्या लग्नात तुमच्या पतींनी उभे राहावे. आम्ही सात-आठ जणांनी अशी सावड पुष्कळ वर्षे चालवली आणि त्यातूनच माझ्या घरच्या कार्यांत मी दिसू लागलो. एक अट मात्र कडक पाळावी लागते. त्या दिवशी पाहुणा असलेल्या फोटोग्राफरने काम करणाऱ्याच्या जवळ जाऊन एकही सूचना करायची नाही. पहिल्या वेळी मला ते जमले नाही आणि मित्राने सरळ कॅमेरा माझ्या हातात देऊन ‘मग तूच कर’ म्हटले.

दूरच्या नात्यातील लग्नांसाठी एक दर ठरवा, हवे तर नेहमीच्या निम्मा ठरवा, पण तो सर्वांना सारखा असू द्या आणि तो पत्रिका घेऊन येणाऱ्यालाच सांगा. चार माणसे एकदा रुसतील आणि पाचव्या लग्नापासून हा प्रश्न कोणी काढणार नाही.

घरातल्या वाढदिवसाबाबत माझ्या पत्नीचा उपाय सांगतो. ती मला वाढायला लावत असे. ज्याच्या एका हातात जिलबीचे ताट आणि दुसऱ्या हातात मठ्ठ्याचे भांडे आहे, तो कॅमेरा धरू शकत नाही. फोटो तेव्हा माझी मेहुणी काढत असे. ते तिरके येत, कोणाची हनुवटी वर तर कोणाचे डोळे मिटलेले असत, आणि आता घरात तेच वारंवार पाहिले जातात.

प्रश्न : मी नागपुरात सहा वर्षे कॅन्डिड फोटोग्राफी, म्हणजे लोकांना उभे न करता सहज टिपलेले फोटो, करते. माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. पती बँकेत नोकरीला आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे, की दोन वर्षे काम बंद ठेवावे, कारण आमच्याकडची लग्ने रात्रीची असतात आणि परत यायला एक-दोन वाजतात. दोन वर्षे बंद ठेवले तर लोक मला विसरतील, अशी भीती वाटते. पती ‘तू ठरव’ एवढेच म्हणतात.

उत्तर : नोकरी करणाऱ्या स्त्रीला कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला ती कोणी देत नाही, तिने स्वतःच स्वतःला द्यायची असते. तुमचे साधारण २२ आठवडे झाले आहेत, तेव्हा निदान उरलेले चार आठवडे कोणताही विसार घेऊ नका, असे मी म्हणेन. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूधच द्यावे, असे डॉक्टरही सांगतात. त्यानंतर वरचे अन्न सुरू झाले, की सहा तास बाहेर राहणे पुष्कळ सोपे होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात बाळाला बरोबर नेऊ नका आणि काढून ठेवलेले दूध शीतकपाटाबाहेर ठेवू नका. ते किती वेळ टिकेल हे बाळाच्या डॉक्टरांनाच विचारा.

दोन वर्षे सगळे बंद आणि पूर्वीसारखे सगळे चालू, या दोनच वाटा आहेत, असे सासूबाईंनाही वाटते आणि तुम्हालाही. कामाचे स्वरूप बदलणे ही तिसरी वाट आहे. आपल्या व्यवसायात स्त्रियांची संख्या अजूनही कमी आहे, आणि नवरीचा शृंगार, मेहंदी, हळद, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी घरच्या बायकांना स्त्री फोटोग्राफरच हवी असते. यांतील बहुतेक कामे दिवसा होतात. येते वर्षभर पूर्ण लग्न अंगावर घेण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या चमूबरोबर फक्त नवरीकडचा भाग घ्या, वेळ दुपारी दोन ते रात्री आठ अशी ठरवून घ्या आणि फोटो त्यांच्या स्वाधीन करून मोकळ्या व्हा. संकलन अंगावर घेऊच नका. यात पैसे कमी मिळतात, पण नाव फिरत राहते, आणि तुमची भीती तर नाव पुसले जाण्याचीच आहे. सासूबाईंची रात्रीची काळजी मात्र मला खोटी वाटत नाही. सोळा तास उभे राहिल्यानंतर मध्यरात्री स्वतः गाडी चालवत परतणे हा आपल्या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका आहे आणि तो पुरुषांनाही तितकाच आहे. रात्रीचे काम घ्याल तेव्हा चालकासह गाडी ठरवा आणि तिचे भाडे मानधनातच धरा.

‘तू ठरव’ या उत्तराबद्दल थोडे बोलायला हवे. ते उदार वाटते, परंतु त्यात सगळा भार तुमच्यावरच राहतो. काम घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. कामाच्या दिवशी बाळाला भरवणार कोण, झोपवणार कोण आणि ते रात्री उठले तर पाहणार कोण, हे तुमच्या पतींनी ठरवायचे आहे. सासूबाई मदत करतील, पण पहिले नाव त्यांचे असू नये. ज्या दिवशी बँकेतून सहाला घरी येणारा बाप बाळाला एकट्याने झोपवील, त्या दिवसापासून सासूबाईंचा विरोध बराच मावळलेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : मी गोव्यात फोंड्याला राहतो. हिंदू लग्ने, ख्रिस्ती लग्ने आणि बाहेरून येऊन समुद्रकिनाऱ्यावर होणारी लग्ने अशी तिन्ही कामे करतो. महाराष्ट्रातल्या मित्रांना पौष आणि चातुर्मास मोकळा मिळतो. मला वर्षभर सुट्टीच नाही. चवथीचे (गणेश चतुर्थीचे) दिवस सोडले तर मी घरी नसतो. गावच्या देवीच्या जत्रेला तीन वर्षे गेलेलो नाही.

उत्तर : तुमच्याकडे दोन धर्मांची पंचांगे आहेत आणि एकाची भोके दुसरे बुजवते, हीच तुमची अडचण आहे. पौषात हिंदू लग्ने थांबतात, तर नाताळ उलटल्यावर ख्रिस्ती लग्नांची गर्दी असते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चर्चमधील लग्ने सहसा होत नाहीत, तर तेव्हा माघ-फाल्गुनाचे मुहूर्त असतात. किनाऱ्यावरच्या लग्नांना तर ना मुहूर्त लागतो ना उपवासकाळ. पंचांग तुम्हाला सुट्टी देणार नाही. यांपैकी एक मोकळी जागा तुम्हालाच मोकळी ठेवावी लागेल. मी असतो तर उपवासकाळाचा महिना ठेवला असता, कारण तेव्हा पाऊस नसतो. पण मुलांच्या परीक्षा त्याच सुमारास येत असतील, तर नाताळानंतरचा पहिला पंधरवडा ठेवा.

जत्रेचे तर सोपे आहे. जत्रेची तिथी ठरलेली असते, म्हणजे पुढच्या वर्षीची तारीख तुम्हाला आजच काढता येते, आणि तुमचे यजमान फार तर वर्षभर आधी येतात. नवी डायरी घेतली, की चवथ, जत्रा आणि मुलांचे वाढदिवस आधी भरायचे आणि मगच फोन उचलायला लागायचे. रविवार तुमच्या हाती लागणार नाही, तेव्हा त्याचा नाद सोडा. मुलांना सकाळी शाळेत सोडणे आणि दुपारचे जेवण त्यांच्याबरोबर घेणे हे मंगळवारीही करता येते. आमच्या व्यवसायाला हे एक सुख आहे, ते नोकरदारांना मिळत नाही, आणि आम्ही ते झोपून घालवतो. तीन दिवसांच्या हॉटेलातील लग्नांना राहण्याची खोली करारातच मागा. रोसचा (लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याचा) कार्यक्रम आटोपून मध्यरात्री घरी आणि पहाटे पुन्हा चर्चकडे, असे हेलपाटे घालून तुम्ही घरच्यांना काहीच देत नाही, फक्त त्यांची झोप मोडता.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे आणि लातूरजवळ राहतो. दरवर्षी १५-१६ लग्नांचे फोटो काढतो, पण माझेच जमत नाही. ‘मुलगा फोटोग्राफर आहे, नोकरी नाही, घरी कधी असतो कोण जाणे’ असे म्हणून चार स्थळांनी नकार दिला. शहरात जाऊन कंपनीत नोकरी धरावी का?

उत्तर : काम आवडत नसेल तर जरूर धरा, केवळ स्थळांसाठी धरू नका. मुलीच्या वडिलांची शंका उत्पन्नाची आहे आणि मुलीची शंका बहुधा रात्रींची आहे. दोघांना वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतील. वडिलांसमोर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे ठेवा, आणि आतापर्यंत ती भरली नसतील तर यंदापासून भरा. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर आजकाल कोणी मुलगी देत नाही, आणि ते योग्यच आहे. मुलीशी बोलताना दिनदर्शिका समोर घ्या आणि कोणत्या महिन्यांत आपण घरी जवळजवळ नसूच, कोणत्या महिन्यांत रोज घरी असू, ते एकेक पान उलटून दाखवा. ‘मी वेळ काढेन’ असे मोघम आश्वासन देऊ नका, कारण वैशाखात तुम्ही तो काढू शकणार नाही आणि ते तिला पहिल्याच वर्षी कळेल. हे सगळे ऐकून ती नाही म्हणाली, तर तो नकार तुमच्याही हिताचा समजा.

जमले, की तारीख ठरवताना थोडा विचार करा. तुमचे निम्मे मित्र याच व्यवसायातले असणार. ऐन मुहूर्ताचा रविवार धरलात तर ते सगळे दुसऱ्यांच्या मांडवात असतील. मधल्या वारी येणारा एखादा आडवळणाचा मुहूर्त पाहा, कार्यालयही स्वस्त मिळेल. आदल्या दिवशी कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवा आणि किल्ली बहिणीकडे द्या. हे मी गमतीने लिहीत नाही. माझ्या लग्नात, होमाच्या धुरातून खिडकीचा उजेड फार सुंदर येत होता म्हणून, मी सप्तपदीच्या आधी उठून मित्राच्या कॅमेऱ्यातले प्रकाशाचे मापन तपासून आलो होतो, आणि त्यावरून माझ्या सासूबाईंनी मला पुढची सव्वीस वर्षे ऐकवले.